कठडा

वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, बाजारभाव आणि निधनवार्ता यांच्या शेजारी, चार ओळींची एक बातमी वारंवार येत असते. रंगकाम करताना तोल जाऊन मजुराचा मृत्यू. पत्रे बसविताना पाय घसरून तरुण ठार. झाडावरून पडून इसम गंभीर जखमी. नाव, वय, गाव आणि पोलीस ठाण्यातील आकस्मिक मृत्यूची नोंद एवढ्यावर ती संपते. अशा बातम्या आम्ही अनेक वर्षे वाचत आलो आहोत. परंतु अलीकडे त्यांच्या भाषेकडे आमचे लक्ष अधिक जाऊ लागले आहे. तोल कोणाचा गेला? मजुराचा. पाय कोणाचा घसरला? मजुराचा. या वाक्यांत दुसरा कोणी माणूसच नसतो. ज्याचे घर रंगविले जात होते तो नसतो, ज्याने शिडी आणून दिली तो नसतो, ज्याने ‘आजच्या आज काम उरका’ असे बजावले तोही नसतो. शेजारीपाजारी ‘वेळ आली होती’ म्हणतात. आपल्या ख्रिस्ती घरांत ‘देवाची इच्छा’ म्हणतात आणि मृतासाठी मिस्सा अर्पण करतात. मिस्सा अर्पण करणे योग्यच आहे. पण देवाच्या इच्छेविषयी बोलताना देवाचे वचन या बाबतीत काय सांगते, हे आपण तपासून पाहतो का?

बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात, पक्ष्याच्या घरट्याविषयीच्या आणि बियाण्यांच्या मिश्रणाविषयीच्या नियमांच्या मधोमध, आठव्या ओवीत एक छोटा नियम आहे. त्याचा आशय असा: नवे घर बांधशील तेव्हा त्याच्या धाब्याला कठडा कर, नाही तर कोणी तेथून पडला, तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. इस्राएल देशातील घरांची छपरे सपाट होती आणि त्यांवर संसाराचा बराच भाग चाले. राहाबेने हेरांना लपविले ते धाब्यावर वाळत घातलेल्या तागाच्या काड्यांखाली. संत पेत्र यापो येथे दुपारी प्रार्थनेसाठी गेला तो धाब्यावरच. अशा ठिकाणी माणसे चढणार, लहान मुले धावणार, हे गृहीतच होते. म्हणून नियम घर बांधणाऱ्याला उद्देशून आहे. धाब्यावर चढणाऱ्याने जपून चालावे, असा उपदेश तेथे नाही. शिवाय कठडा केव्हा करावयाचा? कोणी पडल्यावर नव्हे, तर घर नवे असतानाच.

निर्गम या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात याच्या जोडीचा दुसरा नियम आहे. एखाद्याने खड्डा खणला व तो झाकला नाही, आणि त्यात कोणाचा बैल किंवा गाढव पडून मेले, तर खड्ड्याच्या धन्याने भरपाई करावी. बैलाने बघून चालावयास हवे होते, असा युक्तिवाद मोशेच्या नियमशास्त्रात मान्य नाही. स्वतंत्र भारताने १९४८ साली कारखाने अधिनियम केला. त्याच्या ३२व्या कलमात जमीन, जिने, पायऱ्या व वाटा मजबूत, अडथळ्यांपासून मोकळ्या आणि निसरड्या पदार्थांपासून मुक्त ठेवाव्यात, तसेच उंचावर काम करणारा पडण्याचा संभव असल्यास कुंपणाने वा अन्य उपायाने त्याची सुरक्षितता पाहावी, असे सांगितले गेले. आणि ३३व्या कलमात खड्डे, टाक्या व जमिनीतील उघडी तोंडे झाकून किंवा कुंपण घालून ठेवण्याची आज्ञा आली. ही दोन कलमे आणि बायबलमधील ते दोन नियम शेजारी ठेवून वाचले, म्हणजे हजारो वर्षांचे अंतर किती थोडे आहे ते कळते.

हे सर्व आम्ही मसोलीच्या परिसरात राहून लिहीत आहोत, आणि येथे या विषयाला एक वेगळी धार आहे. डहाणूच्या खाडीकाठी १९९५ साली सुरू झालेल्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी सुमारे २७५ मीटर उंच आहे. दूरच्या शिवारांतूनही ती दिसते. डहाणू व तलासरी तालुक्यांतून जाणाऱ्या बुलेट ट्रेनच्या मार्गाचे काम चालू आहे. अशा कामांच्या ठिकाणी शिरस्त्राण घातल्यावाचून माणसाने आत पाऊल टाकू नये असा दंडक असतो. कमरेला व खांद्याला पट्टा असतो, खाली जाळी असते, निदान ती असावी अशी सक्ती असते. ती उंची मोठी असली तरी तिच्यावर कायद्याची नजर आहे. आमच्या गावाची रोजची उंची मात्र याहून पुष्कळच कमी आहे. ती चिकूच्या झाडाची आहे, ताडाची आहे, कौलारू छपराची आहे, पाण्याच्या टाकीची आहे आणि नाताळचा तारा टांगावयाच्या चर्चच्या दर्शनी भिंतीची आहे. या उंचीकडे पाहणारे कोणीच नाही.

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपणां सर्वांना अभिमान आहे. तो चिकू झाडावरून खाली कसा येतो हे मात्र शहरातील ग्राहकाला माहीत नसते. जुन्या वाडीतील झाडे २५-३० फुटांवर जातात. खालच्या फांद्यांवरची फळे हाताने निघतात. मधली फळे लांब काठीच्या टोकाला जाळी बांधलेल्या झेल्याने निघतात. शेंड्याकडच्या फळांसाठी शिडी लावून फांदीवर चढावे लागते. पावसाळ्यात खोडावर शेवाळ धरते, बांबूच्या शिडीच्या पायऱ्या ओल्या होतात, खालची जमीन भुसभुशीत असल्याने शिडीचा एक पाय खचतो. चढणारा बहुधा आदिवासी पाड्यावरचा असतो. त्याचा बाप चढत होता, म्हणून तोही चढतो.

अशाच एका वाडीत आमच्या परिचयाचा एक मजूर काही वर्षांपूर्वी १२ फुटांवरून पडला. १२ फूट म्हणजे फार उंची असे कोणालाच वाटत नाही. पण शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या सूत्राने हिशेब केला, तर एवढ्या उंचीवरून पडणारे शरीर सेकंद पुरा होण्याआधीच जमिनीला टेकते, आणि टेकतेवेळी त्याचा वेग ताशी ३० किलोमीटर असतो. हात पुढे करण्याइतकीही उसंत मिळत नाही. त्याच्या दोन्ही टाचांची हाडे मोडली आणि पाठीच्या मणक्याला इजा झाली. सोबत्यांनी त्याला खांद्यावर उचलून टेम्पोत घातले. मणक्याला मार लागलेल्या माणसाला असे उचलू नये, हे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते.

आम्ही त्याला भेटावयास गेलो, तेव्हा तो ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. वाडीच्या मालकाविषयी त्याची काहीही तक्रार नव्हती. मालक भला माणूस. त्याने दवाखान्याचे पहिले बिल भरले, तांदळाचे पोते पाठविले, सणाला मुलांना कपडे दिले. “दोष माझाच,” तो म्हणाला, “शिडी ओली होती. मला दिसायला पाहिजे होतं.” त्याची बायको आतून म्हणाली, “दादा, आता उकिडवं बसता येत नाही यांना. लावणीला मी एकटीच जाते.” यावर आम्हाला काही बोलता आले नाही. परतताना मात्र एक विचार सुटेना. मालकाने पडल्यानंतर जे केले, ते सर्व चांगुलपणाचे होते आणि त्याला खर्चही पुष्कळ आला. पडण्यापूर्वी जे करावयाचे होते, त्याला शिडीचे टोक फांदीला बांधण्यापुरता दहा हात दोर आणि खाली शिडी धरून उभा राहणारा एक माणूस, एवढेच लागले असते. दया नंतर आली. कठडा आधी यावयास हवा होता.

वाचकहो, येथे कायदा काय करतो, असा प्रश्न साहजिक आहे. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली स्वतंत्र अधिनियम झाला. पुढे संसदेने २०२० साली व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता संमत केली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आल्यावर जुने अनेक कायदे तिच्यात विलीन झाले. कारखाने अधिनियम आणि बांधकाम मजुरांचा अधिनियम त्यांतच आले. संहितेची व्याप्ती मोठी आहे, पण तिलाही उंबरठा आहे. सर्वसाधारणपणे जेथे १० वा अधिक कामगार आहेत, तेथे ती पोहोचते. १० पेक्षा कमी मजूर असलेले बांधकाम तिच्या व्याख्येत बसत नाही; स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेले आणि ५० लाख रुपयांच्या आत खर्चाचे घरही बसत नाही. सरकारने प्रत्येक घराच्या दारात निरीक्षक उभा करावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. म्हणून ही मर्यादा समजण्यासारखी आहे. परंतु तिचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. पाच मजुरांची चिकूची तोडणी, तीन रंगाऱ्यांचे रंगकाम, दोन गवंड्यांची कौलदुरुस्ती, एका माणसाने पुसावयाची टाकी: म्हणजे आपल्या धर्मग्रामांत उंचीवर होणारे बहुतेक सारे काम कायद्याच्या उंबरठ्याबाहेर आहे. तेथे निरीक्षक येणार नाही, दंड होणार नाही, फलक लागणार नाही. तेथे घरधनी हाच कायदा आहे.

परदेशांत या विषयाचा विचार अधिक बारकाईने झाला आहे, आणि त्यातून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अमेरिकेत कारखान्यांसारख्या सर्वसाधारण उद्योगांत ४ फूट आणि बांधकामावर ६ फूट उंचीपासून पडण्यापासून संरक्षण देणे मालकावर बंधनकारक आहे. तेथील सुधारित नियम १७ जानेवारी २०१७ पासून लागू झाले. त्यांत जमीन, जिना, शिडी, छप्पर, उतरण या सर्वांना मिळून चालण्याची व काम करण्याची जागा असे एकच नाव आहे. ती जागा नियमितपणे तपासावी आणि दोष आढळल्यास दुरुस्त होईपर्यंत तेथे कोणाला जाऊ देऊ नये, असा दंडक आहे. ब्रिटनने २००५ साली केलेल्या नियमांत तर फुटांचे मापच ठेवले नाही. जेथून पडल्यास इजा होऊ शकेल ती प्रत्येक जागा उंचीची समजावी. मग ती जमिनीखालचा खड्डा का असेना. त्या नियमांनी एक क्रमही घालून दिला आहे. पहिल्याने, ते काम खालीच उभे राहून करता येईल का ते पाहावे. नाहीच करता आले, तर कठडा, फलाट, भक्कम परांची यांनी पडणेच अशक्य करावे. तेही जमले नाही, तरच पट्टा आणि जाळी यांच्यावर भिस्त ठेवावी. पट्टा हा शेवटचा उपाय आहे. आपल्याकडे तो पहिला व एकमेव उपाय समजला जातो, आणि तोही नसतो.

हा क्रम आमच्या गावालाही लागू पडतो. झाडे वेळच्या वेळी छाटून बुटकी ठेवली आणि लांब दांड्याचा झेला वापरला, तर चढण्याची गरजच कमी होते. कोकणात आंब्यासाठी हे झेले रूढ आहेत. विजेच्या तारेखालच्या झाडाला लोखंडी वा अ‍ॅल्युमिनियमची शिडी लावू नये, हे तर सांगावयासही नको. तरीही ती लागलेली आम्ही पाहिली आहे. शिडी ४ फूट वर टेकणार असेल तर तिचा पाय भिंतीपासून १ फूट बाहेर असावा, म्हणजे १२ फुटांवर टेकली तर ३ फूट. छपरावर उतरावयाचे असल्यास शिडी कडेच्या वर ३ फूट निघावी, जेणेकरून उतरताना हाताला आधार राहील. चढताना दोन पाय व एक हात, किंवा दोन हात व एक पाय, असे तीन आधार नेहमी शिडीवर असावेत. हातात रंगाचा डबा घेऊन चढणारा माणूस हा नियम पाळूच शकत नाही, म्हणून डबा दोराने वर ओढावा. सिमेंटच्या पत्र्यावर तर सरळ पाय देऊच नये. पत्रा वरून धडधाकट दिसतो आणि उन्हापावसात जुना झालेला असला की एका पावलाने फुटतो. आडव्या फळ्या टाकून, त्यांवरूनच सरकत काम करावे. पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्याच्या अखेरीस, आपल्या गावोगावी किती माणसे अशा पत्र्यांवर चढलेली असतात!

मोठ्या दुर्घटना आपल्या स्मरणात राहतात. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर महाकाय यंत्र कोसळून २० जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी १० सप्टेंबरला ठाण्याच्या बाळकुम भागात उंच इमारतीच्या बांधकामाचा उद्वाहक कोसळून ७ मजूर गेले. त्या वेळी चौकशी झाली, सभागृहांत प्रश्न निघाले. झाडावरून एकटा पडलेला मजूर मात्र कोणत्याही चौकशीस पात्र ठरत नाही. याच डहाणू-तलासरीच्या भूमीत १९४५ साली वारली बांधवांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला, आणि मजुराच्या श्रमाला मोल असते हे प्रस्थापित झाले. मजुरीचा दर ठरला. मजूर संध्याकाळी दोन पायांवर घरी परतेल, याची हमी मात्र अद्याप कोणत्याही दरपत्रकात आलेली नाही.

भरपाईच्या बाबतीतही हीच विषमता आहे. अपघातात सापडलेल्या शेतकऱ्यासाठी महाराष्ट्र शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजना आहे. उंचावरून पडून मृत्यू आल्यास तिच्यातून कुटुंबाला २ लाख रुपये मिळू शकतात. पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातील एक व्यक्ती यांच्यासाठी आहे. म्हणजे त्याच झाडावरून वाडीचा मालक पडला तर त्याच्या घराला आधार आहे; भूमिहीन मजूर पडला तर या योजनेचा नाही. त्याच्यासाठी २०१५ साली सुरू झालेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना उरते. बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या माणसाला वर्षाकाठी अवघ्या २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण तिच्यातून मिळते. आपल्याकडे कामाला येणाऱ्या किती जणांनी तो अर्ज भरला आहे, हे आपण कधी विचारले आहे का? नारळाच्या झाडावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाने केरा सुरक्षा ही विमा योजना चालविली आणि २०११ पासून तरुणांना यंत्राच्या साहाय्याने चढण्याचे प्रशिक्षण दिले. झाडावर चढणे हाही एक हुन्नर आहे आणि हुन्नराला साधने व संरक्षण हवे, ही जाणीव त्यामागे आहे. चिकूच्या वाडीतही ती यावयास हवी.

आता या लेखाचे टोक आपल्याच अंगणाकडे वळवू या. डहाणू-तलासरीकडच्या आपल्या धर्मग्रामांचे वैशिष्ट्य असे, की शिडीचा मालक आणि शिडीवर चढणारा पुष्कळदा एकाच बाकावर गुडघे टेकतात. शांतीची खूण देताना ते एकमेकांना हात जोडतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या विश्वपत्रात मानवी श्रमाचे चिंतन केले. कामगाराच्या शरीराला अपाय होणार नाही अशी कामाची जागा हा त्याचा हक्क आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याच पत्रात अप्रत्यक्ष मालक ही एक कल्पना आली आहे. प्रत्यक्ष मजुरी देणारा एक असतो. पण कामाच्या अटी ज्यांच्या निर्णयांनी ठरतात, त्या इतरांवरही जबाबदारी येते. आपण मुकादमाला सांगतो, मुकादम माणसे आणतो; आपण भाव पाडतो, म्हणून तो परांचीऐवजी दोन पिंपांवर फळी ठेवतो. ‘ते कंत्राटदाराने पाहायचे’ हे आपले नेहमीचे उत्तर या कल्पनेपुढे टिकत नाही.

चर्चचे उदाहरण घ्या. आगमनकाळ सुरू झाला की युवक मोठ्या हौसेने तारा टांगावयास घंटाघरावर चढतात. सणाआधी रंगकाम निघते. मांडवाचे वासे उभे राहतात. हे सारे भक्तिभावाने होते, आणि भक्तिभावात धोका दिसेनासा होतो. देवाच्या कामाला देव सांभाळून घेईल, असे आपण म्हणतो. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने येशूला सुचविले होते. प्रभूने ती सूचना धुडकावली, हे आपण प्रायश्चित्तकाळात ऐकतो. उंचीवरच्या बेफिकिरीला श्रद्धा म्हणू नये, याहून स्पष्ट शिकवण कोणती असणार?

उंचीवर न चढताही माणूस पडतो, हेही विसरून चालणार नाही. चर्चच्या पायऱ्यांना आणि घराच्या ओट्याला हल्ली चकचकीत लादी बसविण्याची पद्धत पडली आहे. पावसाच्या सरीत त्या लादीवर वृद्ध माणसाचे पाऊल पडले, की खुब्याचे हाड मोडावयास क्षण पुरतो. आणि त्या वयात मोडलेले खुबे पुष्कळदा माणसाला अंथरुणावरून उठू देत नाहीत. खरखरीत लादी, पायऱ्यांच्या कडेला हाताला धरावयास नळीचा आधार, दारात पाणी टिपणारे पायपुसणे, मोरीच्या भिंतीला एक कडी, जिन्यावर दिवा आणि बिनझाकणाच्या टाकीला झाकण: यांतील एकही वस्तू श्रीमंतीची नाही. कठडा केवळ धाब्यालाच लागतो असे नाही.

यावर आक्षेप येतात, आणि ते खोटे नाहीत. एक आक्षेप खर्चाचा. चिकूचा भाव कोसळला की छोट्या बागायतदाराला तोडणीची मजुरीही परवडत नाही. त्याला पट्टे आणि फलाट कोठून आणावयास सांगावे? म्हणूनच वाडीगणिक नव्हे, तर गावागणिक विचार व्हावा. चांगली घडीची शिडी, दोन पूर्ण पट्टे, चार शिरस्त्राणे आणि एक जाड दोर असा संच धर्मग्रामाने किंवा सहकारी संस्थेने ठेवावा आणि ज्याला काम असेल त्याने तो नेऊन परत आणावा. मांडवाची भांडी आपण अशीच नेतो-आणतो. दुसरा आक्षेप असा की मजूर स्वतःच पट्टा बांधत नाही. त्याला तो अडचणीचा वाटतो, भित्रेपणाचा वाटतो. हे आम्हीही पाहिले आहे. पण जो तोडलेल्या फळांच्या करंड्यांवर पैसे घेतो, त्याला पट्टा बांधण्यात गेलेला वेळ स्वतःच्या पोटातून द्यावा लागतो. रोजावर मजुरी ठेवा, घाई काढून टाका, आणि मग तो बांधतो की नाही ते पाहा. सकाळी दारू प्यालेल्या माणसाला त्या दिवशी खालचे काम द्या, वरचे नको. आणि रोज मात्र पुरता द्या, म्हणजे तो लपविणार नाही.

इतके करूनही कोणी पडलाच, तर त्याला हलवू नये, बसवू नये, पाणी पाजू नये. मान व पाठ स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आपल्या भागातून गंभीर जखमीला पुष्कळदा वापी, सिल्वासा किंवा मुंबईपर्यंत न्यावे लागते. रस्ता लांबचा असतो, म्हणून पहिली दहा मिनिटे शहाणपणाने वापरणे हे येथे शहरापेक्षाही महत्त्वाचे आहे. युवकांच्या मेळाव्यात एक तास या शिक्षणासाठी देता येणार नाही का?

लूकच्या शुभवर्तमानातील एक प्रसंग शेवटी आठवतो. शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती, आणि लोकांच्या मनात होते की त्या माणसांचे काही पाप असावे. ती माणसे यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हाला वाटते काय, असे विचारून प्रभूने तो समज मोडून काढला आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाचे आवाहन केले. जे गेले त्यांच्या दोषाची चर्चा बंद झाली. जे उभे होते त्यांच्या वर्तनाची सुरू झाली. ओट्यावर भिंतीला टेकून ‘दोष माझाच’ म्हणणाऱ्या त्या बांधवालाही हेच कोणीतरी सांगावयास हवे, आणि ते सांगण्याचा अधिकार आपल्याला आधी शिडी बांधूनच मिळवावा लागेल.

१ मे रोजी आपण कामगार संत योसेफाचा सण साजरा करतो. पोप पायस बारावे यांनी तो १९५५ साली सुरू केला. सुतार असलेल्या त्या संताला शिडी, वासा आणि छप्पर यांची ओळख आपल्यापेक्षा अधिक होती. यंदा त्या दिवशी मिस्सा झाल्यावर प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराभोवती एक फेरी मारावी. शिडीची कोणती पायरी सैल आहे, कोणत्या विहिरीला काठ नाही, गच्चीचा कठडा मुलाच्या छातीपर्यंत तरी येतो का, कामाला येणाऱ्या माणसाचा २० रुपयांचा विमा भरला आहे का, हे पाहावे. पावसाळा त्यानंतर महिन्याभराने येतो. तेवढ्या अवधीत एक पायरी बदलता येते, एक काठ बांधता येतो, एक अर्ज भरता येतो.